माणसं २२, टेबलावर भेटी २१

आज, २४ डिसेंबरला दुपारी, हिंजवडीतल्या एका ऑफिसात सिक्रेट सँटाचा कार्यक्रम पाहिला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. सिक्रेट सँटा म्हणजे ज्याच्या नावाची चिठ्ठी आपल्याला येईल त्याला आपलं नाव न सांगता भेट द्यायची, असा नाताळचा खेळ. २२ जणांनी चिठ्ठ्या उचलल्या होत्या. केक कापला, एकेकाचं नाव पुकारलं, कागद फाटले, फोटो निघाले. सगळं आवरल्यावर पँट्रीतल्या मावशी टेबलाजवळ तशाच उभ्या. त्यांच्या नावाचं काही आलंच नव्हतं. ज्याच्याकडे त्यांची चिठ्ठी होती तो २० तारखेपासून रजेवर. मग कुणीतरी धावत जाऊन कपाटातून कंपनीचं नाव छापलेला मग आणला, त्यांच्या हातात ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मावशी म्हणाल्या, "असू दे हो, मला चहा ठेवायचाय," आणि आत निघून गेल्या.

नंतर कोण कुणाचा सँटा हे उघड करताना कळलं, की टेबलावरचा स्टीलचा तीन खणांचा डबा मावशींनी आणला होता. कोपरे दुमडून, चिकटपट्टी दिसणार नाही असा बांधलेला. सगळ्यांत पहिला आला होता म्हणे.

सुरुवातीला राग आला तो त्या रजेवरच्या मुलाचा. घरी जायचं आठवतं, तिकीट काढायचं आठवतं, मग ३०० रुपयांची एक वस्तू टेबलावर ठेवून जायचं कसं आठवत नाही? पण लिहिता लिहिता वाटतंय, २२ माणसांत एकजण विसरणारच. दर वर्षी, दर ठिकाणी एक तरी विसरतो, आजारी पडतो, नोकरी सोडतो, नाहीतर त्याचं कुरिअर अडकतं. हे गृहीत धरून आखणी करणं हेच तर आयोजकाचं काम. टोपी घालून नावं पुकारणं कुणालाही जमतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला २५ बायकांना बोलावलं तर घरातली बाई वाणं किती आणते? ३० आणते. कुणाची नणंद सोबत येते, कुणाची पाहुणी येते, आणि दारातून कुणी रिकाम्या हाताने जायचं नसतं. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मग तीच आपण माणसं ऑफिसात गेल्यावर २२ जणांसाठी मोजून २२ भेटींच्या भरवशावर कसे बसतो?

तेव्हा नीट सांगते कसं करायचं.

पहिलं म्हणजे पैसे. आजच्या ऑफिसात मर्यादा होती ५०० रुपये. ती ठरवली कुणी? ज्यांना ५०० म्हणजे एक पिझ्झा वाटतो त्यांनी. मावशींसाठी ती जवळजवळ दिवसभराची मजुरी. रक्कम ठरवताना गटात ज्याचा पगार सगळ्यांत कमी आहे त्याच्याकडे बघून ठरवा, आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारू नका, कारण तिथे कुणीच नाही म्हणत नाही. कमाल आणि किमान दोन्ही आकडे सांगा, २०० ते ३०० असे. नुसती कमाल सांगितली की कुणीतरी ६० रुपयांची किचेन आणतं. नुसती किमान सांगितली की कुणीतरी १५०० चे हेडफोन आणतं आणि बाकीच्या सगळ्या भेटी खुज्या दिसायला लागतात. आकडा म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंमत, छापील नव्हे, हेही एकदा लिहून टाका. ९९९ छापलेली वस्तू सवलतीत २९९ ला मिळते आणि मग उगाच तुलना सुरू होते. कंत्राटी कर्मचारी खेळात असतील, आणि असावेतच, तर त्यांच्या भेटीचा खर्च पार्टीच्या पैशातून आधीच पाकिटात घालून द्या. वस्तू त्यांनीच निवडायची. देण्याचा आनंद त्यांचाही आहे. आणि ज्याला खेळायचंच नाही त्याला कारण विचारू नका.

आता चिठ्ठ्या. वाडग्यातून चिठ्ठी उचलण्याची पद्धत सगळ्यांना आवडते आणि तीच सगळ्यांत जास्त फसते. सरळ एकेक चिठ्ठी उचलली तर १०० पैकी सुमारे ६३ वेळा निदान एकाला स्वतःचंच नाव येतं. गट १० जणांचा असो वा १०० जणांचा, हे प्रमाण जवळपास तेच राहतं. फ्रान्समधल्या मोंमोर नावाच्या गणितज्ञाने १७०८ साली पत्त्यांच्या एका खेळावरून हाच प्रश्न मांडला होता, म्हणजे दुखणं जुनं आहे. "परत टाक, दुसरी उचल" असं म्हणून भागत नाही, कारण शेवटच्या माणसाला त्याचीच चिठ्ठी उरली तर सगळ्यांनी पुन्हा उचलायच्या, आणि तोवर निम्म्यांनी शेजाऱ्याला आपल्याला आलेलं नाव सांगितलेलं असतं.

यावर कार्डं कापायची एक पद्धत आहे. तिच्यात स्वतःचं नाव येऊच शकत नाही आणि आयोजकालाही काही कळत नाही, त्यामुळे तोही खेळू शकतो. २२ जाड कार्डं घ्या, पलीकडून आकडा दिसणार नाही अशी. प्रत्येकाच्या वरच्या अर्ध्या भागात लिहा 'तुझा नंबर', खालच्या अर्ध्या भागात लिहा 'याला भेट दे', आणि दोन्हीकडे तोच आकडा घाला. पहिल्यावर १ आणि १, दुसऱ्यावर २ आणि २, असं २२ पर्यंत. कार्डं पालथी करून पिसा आणि पालथीच एका ओळीत मांडा. पिसताना एकही कार्ड डोकं खाली पाय वर होऊ देऊ नका. घोळ होतो तो इथेच, कारण मग एका पाकिटात दोन 'तुझा नंबर' जातात आणि दुसऱ्यात एकही नाही. आता प्रत्येक कार्ड मधोमध आडवं कापा. वरचे तुकडे जागेवर राहू द्या. खालच्या तुकड्यांची अख्खी ओळ एक घर उजवीकडे सरकवा. उजव्या टोकाला जो बाहेर पडेल तो डावीकडच्या मोकळ्या जागी आणून ठेवा. वरखाली आलेले दोन तुकडे न बघता एका पाकिटात घाला आणि पाकिटं पुन्हा पिसून वाटा.

भिंतीवर १ ते २२ आकड्यांची कोरी यादी लावा. ज्याला 'तुझा नंबर ९' आला त्याने ९ पुढे आपलं नाव लिहायचं. यादी भरली की आपल्या खालच्या तुकड्यावरचा आकडा तिच्यात शोधायचा. पहिल्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने उलट पहिल्याला, अशा जोड्याही यात पडत नाहीत, सगळ्यांची मिळून एकच साखळी होते. यादीचा फोटो काढून ठेवा, सफाईत कागद जातो.

एल्फस्टर, ड्रॉनेम्स अशी संकेतस्थळं हे काम आपोआप करतात, मान्य. नवरा-बायको एकाच गटात असतील तर त्यांना एकमेकांचं नाव येऊ न देण्याची सोयही त्यांत असते. पण ऑफिसात हे बहुधा ईमेलवरूनच चालतं, निम्मे ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतात, आणि ईमेल न वापरणारा माणूस यादीतून गळतो. कोण गळतं ते सांगायला नकोच. पँट्रीतलं गळतं, गेटवरचं गळतं.

पाकिटासोबत तीन ओळींचा कागद द्या. मला काय आवडतं, मला काय चालत नाही, माझ्याकडे काय खूप झालंय. दुसरी ओळ सगळ्यांत मोलाची. मधुमेह, अंडं, शेंगदाण्याची ॲलर्जी, वासाने डोकं दुखणं, सगळं तिथे येतं. हे कागद यादीशेजारी नंबरानुसार टाचा. ज्याला लिहायला संकोच वाटतो त्याच्याजवळ बसून, विचारून लिहा.

आणि थट्टेच्या भेटी सरळ बंद करा. वजनावरून, टकलावरून, लग्न न झाल्यावरून. देणाऱ्याचं नाव झाकलेलं असलं की माणसं जे तोंडावर बोलणार नाहीत ते कागदात गुंडाळून पाठवतात, आणि घेणाऱ्याने चारचौघांत हसून दाखवायचं असतं. डिओडरंट, वजनकाटा, गोरं करणारं क्रीम हेही त्यातच. "गंमत होती" हे उत्तर मला पटत नाही आणि पटणार नाही.

चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, त्याची आख्यायिका बघा. मुलींच्या लग्नाला पैसे नसलेल्या एका बापाच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. नाव लपवलं, म्हणून त्या बापाला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. सँटा आला तो याच माणसावरून. आणि आज त्याच सँटाच्या नावाने मावशींना सगळ्यांसमोर उभं केलं, हातात कंपनीचा मग दिला आणि त्यांच्याकडून आभाराची अपेक्षा केली. टाळ्या वाजवणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं, हेही खरं. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, काय करावं सुचलं नाही. पण ते अवघडलेपण निस्तरायचं काम मावशींवर पडलं, आणि त्यांनी ते चहाच्या निमित्ताने निस्तरलं.

हे टाळणं अवघड नव्हतं. त्यासाठी तारखा लागतात. कार्यक्रम २४ ला असेल तर पाकिटं ५ ला वाटा. १२ ला सगळ्यांना एकच आठवण पाठवा. भेट जमा करायची शेवटची तारीख २१, कार्यक्रमाचा दिवस नव्हे. रजेवर जाणाऱ्याने जाण्यापूर्वी ठेवून जायचं. पार्सलवर नाव लिहायचं नाही, फक्त घेणाऱ्याचा नंबर, ठळक आकड्यात. अक्षर ओळखू येत नाही आणि आयोजकाला यादीत खूण करता येते. २१ च्या संध्याकाळी यादी बघा. १४ पुढे खूण नाही? मग १४ ची भेट आली नाही एवढंच कळतं, आणणारा कोण ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. २२ आणि २३ असे दोन दिवस हातात आहेत. १४ नंबरचा तीन ओळींचा कागद वाचा आणि त्याच रकमेची वस्तू आणून बाकीच्या भेटींसारख्याच कागदात बांधून ठेवा. खरी भेट मागून आली तर तीही द्या, कुणाचं काही बिघडत नाही. यासाठी सुरुवातीलाच प्रत्येकी ३० रुपये गोळा करा. ते होतात ६६०, म्हणजे दोन जास्तीच्या भेटी आणि बांधायचा कागद. मावशींची चिठ्ठी कुणाकडे होती हे कुणालाही न कळता त्यांची भेट आज टेबलावर असती.

बांधण्यासाठी सगळ्यांना एकाच जातीचा कागद द्या, साधा खाकी पुरतो. दुकानाच्या चकचकीत पिशवीवरून किंमतही कळते आणि देणाराही. किमतीचं लेबल काढा, आणि ऑनलाइन मागवलेल्या खोक्यातलं बिल काढायला विसरू नका, त्यावर तुमचं नाव असतं. कोल्हापूर-नागपूरहून घरून काम करणारे असतील तर त्यांची पार्सलं आयोजकाकडे मागवा आणि आयोजकानेच पुढे पाठवा. डिसेंबरात कुरिअरला एरवीपेक्षा जास्त दिवस धरा. बायकांचे घरचे पत्ते आणि फोन नंबर 'सँटाला लागतील' म्हणून ग्रुपवर टाकणं बंद करा. हे खपवून घेण्यासारखं नाही.

भेटीसोबत दोन ओळी लिहायला सांगा. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी घराघरांत अशाच चिठ्ठ्या काढून भेटी देतात, आणि सोबत घेणाऱ्यावर रचलेली कविता असते, सही सेंट निकोलसची. आपल्याला कविता नको, पण "तुमच्या आल्याच्या चहामुळे दुपारची मीटिंग निभावते" एवढं तर लिहिता येतं ना? मावशींच्या पार्सलात हे वाक्य असतं तर आतली वस्तू १०० रुपयांची असली तरी चाललं असतं. टाइप करून लिहा, म्हणजे अक्षर कळणार नाही.

हो, ऑफिस म्हणजे लग्नघर नव्हे, लोकांना कामं असतात, आणि आयोजन करणारीही बिचारी स्वतःचं काम सांभाळूनच हे करत होती. कबूल. तिच्यावर ओरडून काही होणार नाही, आणि तीही दुपारपासून गप्प आहे.

ज्यांचा कार्यक्रम ३१ ला आहे त्यांच्या हातात अजून सात दिवस आहेत. आज रात्रीच यादी काढा, कुणाच्या नावापुढे खूण नाही ते बघा, जमा करायची तारीख २८ करा आणि दोन जास्तीच्या वस्तू आणून ठेवा. काय आणू असं विचारत असाल तर स्टीलचा तीन खणांचा डबा आणा. झाकण घट्ट बसतं का ते दुकानातच बघून घ्या.