भुताच्या गोष्टींनी मुलं भाबडी होत नाहीत

रक्तपिशाच, लांडगामाणसं असल्या कादंबऱ्या वाचून मुलं अंधश्रद्धाळू होतात, असं एका लेखात वाचलं, ते अजिबात पटलं नाही. आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात भुतं पुस्तकातून येत नाहीत, ती आधीपासूनच पाणंदीत, वडाखाली आणि आजीच्या तोंडी असतात. कादंबरीत निदान त्यांना नियम असतात, आणि मुलं प्रश्न विचारू लागतात. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागातले (१९९९) ल्युपिन सर बघा. लहानपणी चावा बसला म्हणून पौर्णिमेला लांडगा होणारा हा उत्तम शिक्षक, गुपित फुटताच पालक काय म्हणतील म्हणून राजीनामा देतो. ते वाचून माझी भाची दिवसभर एकच विचारत होती, “मावशी, ह्यात सरांची काय चूक गं?” ही अंधश्रद्धा कशी?

त्या लेखात राहून गेलेली खरी अडचण वेगळीच आहे. बालकथा संपल्या की आमच्या मराठी शाळेतल्या मुलांच्या हाती थेट मोठ्यांची पुस्तकं येतात. मधल्या वयासाठी मराठीत फारच थोडं आहे. भाचीच्या इंग्रजी पुस्तकात समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेत, काही मराठीत, काही कन्नडमध्ये. एवढ्या हौसेनं वाचणाऱ्या पोरांना अडवू नका, त्यांच्यासाठी मराठीत लिहा.