देवाला आंघोळ घाला, देव घासू नका

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या देव्हाऱ्यातले टाक हातात घेऊन बघा. तुळजाभवानीच्या हातातलं शस्त्र गेलेलं असतं, खंडोबाच्या घोड्याला कान उरलेले नसतात, अन्नपूर्णेचं नाक सपाट झालेलं असतं. घरचे कौतुकानं सांगतात, पिढ्यान्‌पिढ्या पूजा होतेय ना, म्हणून झिजलेत. पूजेनं नाही झिजले. दर सणाला राख, रांगोळी, टूथपेस्ट, जे हाताला लागेल त्यानं घासले म्हणून झिजले. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेली मूर्ती. तिचा उठाव असतोच किती? रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. वर्षात चार वेळा ती चांदीवर फिरली तर देव ओळखू येणार कसे?

षोडशोपचारांत स्नान हा सहावा उपचार, पुरुषसूक्ताच्या सहाव्या ऋचेचा. त्याआधी आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन. सगळा क्रम घरी आलेल्या पाहुण्याचा आहे. पाहुण्याला आपण आंघोळीला पाणी काढून देतो, घासणी घेऊन त्याच्या मागे लागत नाही. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज होतेय हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२० च्या निकालात मंदिराच्या पारंपरिक पूजेखेरीज लिंग कुणीही घासू नये असं न्यायालयाला सांगावं लागलं. तिथं तर दगड आहे. आपल्या घरी चांदीचा पत्रा आहे.

आता रोजच्या आंघोळीचं. आधी निर्माल्य काढा. मग देव ताम्हनात एकेक सुटे ठेवा, एकावर एक रचू नका. टाकाची कड दुसऱ्या टाकाच्या तोंडावर घासते. पहिलं पाणी फक्त कालचं गंध, हळदीकुंकू, अक्षता उतरवण्यासाठी. याला पूजेत नावसुद्धा आहे, मलापकर्ष स्नान. अनेक घरांत नेमकं हेच गाळलं जातं आणि कालच्या कुंकवावरच दही ओतलं जातं. हे पहिलं पाणी वेगळं काढायचं, तीर्थात घ्यायचं नाही. आजकालच्या कुंकवात कसला रंग असतो हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुसरं पाणी शुद्धोदकाचं, पळीनं, सावकाश. सात-आठ टाकांना दोन फुलपात्री पाणी पुरतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आतच. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात बादलीभर पाण्याचा अभिषेक हे भक्तीचं माप कुणी ठरवू नये.

पाणी कोणतं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. बोअरचं पाणी जड. ते देवावर वाळलं की पांढरा थर बसतो, पिंडीच्या शाळुंकेत, म्हणजे खालच्या पन्हळीच्या बैठकीत, तर खवलेच धरतात. जारचं किंवा फिल्टरचं पाणी वापरलं तर काही बिघडत नाही. गंगेचे दोन थेंब घालायचे तर त्यातही घालता येतात. तेवढंही नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर निवू द्या आणि सकाळी वरचं वर ओतून घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण भांड्याच्या तळाशी जे पांढरं बसतं ते देवावर बसत नाही.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित काम, पुसणं. माझं स्पष्ट मत आहे की देव काळे पडतात त्याला निम्मं कारण अर्धवट पुसणं हे आहे. चांदी हवेतल्या गंधकानं काळवंडते हे खरं, पण ओल असली की ते लवकर होतं. टाक पुढून पुसतात, मागची बाजू ओलीच राहते आणि तशीच लाल मखमलीवर ठेवतात. मखमल दिवसभर ओल धरून बसते, शिवाय रंग सोडते. महिन्याभरात टाकाची पाठ काळी. मखमल काढा, खाली सुती कापड किंवा नुसता लाकडी पाट ठेवा. पुसायला जुन्या धोतराचा मऊ फडका घ्या, बऱ्याचदा धुतलेला. नव्या कापडात खळ असते, टॉवेलचे धागे टाकाच्या कडेत अडकतात. पुढून, मागून, कडेनं पुसा, दोन मिनिटं उघड्यावर राहू द्या, मग गंध लावा. ओल्या देवाला गंध लावलं की ते ओघळून खाचेत शिरतं आणि तिथंच वाळून बसतं.

पंचामृताची गोष्ट वेगळी. ते रोज करायची गरज नाही. एकादशी, सोमवार, चतुर्थी, घरात जो वार-तिथी असेल त्या दिवशी पुरे. क्रम दूध, दही, तूप, मध, साखर. मंत्रही ठरलेले आहेत: ‘आप्यायस्व’, ‘दधिक्राव्णो’, ‘घृतं मिमिक्षे’, ‘मधु वाता’, ‘स्वादुः पवस्व’. प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. हे मधलं पाणी घाईत वगळलं की तुपावर मध, मधावर साखर असा चिकट लेप तयार होतो आणि दुपारी देव्हाऱ्यात मुंग्यांची रांग. माप सांगतो: पळीभर दूध, अर्धी पळी दही, पाव चमचा तूप, अर्धा चमचा मध, चमचाभर साखर. मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये हे आयुर्वेदात सांगितलंय, आणि हे तीर्थ म्हणून पोटात जाणार आहे, तेव्हा तेवढं पाळावं. साखर दळलेली घ्या. खडबडीत दाणे बोटानं देवावर चोळणं म्हणजे पुन्हा घासणंच. थंडीत तूप गोठतं आणि गार पाण्यानं निघत नाही. तेव्हा शेवटचं पाणी कोमट घ्या, सोबत चिमूटभर बेसन किंवा रिठ्याचं पाणी. कोमट म्हणजे कोमट. चांदीचे मुखवटे आणि काही जाड टाक आतून पोकळ असतात, त्यात लाख भरलेली असते. कढत पाण्यानं ती मऊ होते, पत्रा दबतो, आणि फटीतून पाणी आत गेलं की ते बाहेर येत नाही.

दही तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. आंबट लागलं की तांबं उतरतं, पंचामृत हिरवट होतं, आणि तेच आपण तळहातावर घेऊन पितो. पितळेलाही हेच लागू. ताम्हन तांब्याचं असेल तर पंचामृतापुरतं चांदीचं, स्टीलचं किंवा कल्हईचं भांडं घ्या. परंपरा मोडेल असं वाटत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कल्हई कशासाठी होती ते चटकन सांगतील.

मूर्ती कशाची आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथंच लोक चुकतात. संगमरवराला दही, लिंबू, पंचामृत काहीच नको. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आंबटानं त्याची झिलई जाते आणि परत येत नाही. त्याला ओल्या फडक्यानं पुसा, अभिषेक समोर सुपारी किंवा टाक ठेवून त्यावर करा. संगमरवरावर हळद सांडली तर साबण किंवा सोडा लावू नका, हळद लाल होते आणि डाग आणखी पक्का दिसतो. शंखही चुन्याचाच, त्याला चिंच लावणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. नर्मदेचा बाण, म्हणजे नदीतला लिंगासारखा गोटा, कठीण, त्याला फारसं काही होत नाही. गंडकीचा शाळिग्राम त्यामानानं नाजूक. साधं पाणी, तुळस, बस्स. मातीचा गणपती, फोटो, कागदी लक्ष्मी यांना दूर्वेनं किंवा फुलानं नुसतं प्रोक्षण, म्हणजे पाणी शिंपडणं.

पितळेच्या बाळकृष्णाला चिंच-मीठ चालतं, पण एका मिनिटाच्या वर ठेवू नका. जास्त वेळ राहिलं की पितळ गुलाबी दिसू लागतं, लोकांना वाटतं उजळलं. उजळलेलं नसतं, वर तांबं आलेलं असतं. काळ्या पडलेल्या भरीव चांदीला एकच सौम्य उपाय: भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर देव, चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी. काळेपणा चांदीवरून सुटतो, चांदी जागेवर राहते. वर्षातून एकदा-दोनदा. लाख भरलेल्याला, सोन्याचं पाणी दिलेल्याला किंवा खडे बसवलेल्याला हे करायचं नाही.

श्रावणात परळी, औंढा, वेरूळ करून आलेले लोक घरीही पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात. छान आहे, पण धार बारीक ठेवा. पात्राच्या छिद्रात दर्भाची काडी किंवा सुताची वात घातली की थेंब थेंब पडतं आणि लिटरभर पाण्यात रुद्राचं एक आवर्तन आरामात होतं. शाळुंकेचं तोंड उत्तरेला, शंखाचं पाणी महादेवाला नाही. नागाच्या फण्याखाली आणि शाळुंकेच्या खोबणीत दूध साठतं, तिथं कापसाची काडी फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास सुटतो.

स्नानाचं साधं पाणी तुळशीला चालतं. पंचामृताचं नको, साखर-तुपानं कुंडीत बुरशी आणि मुंग्या होतात. त्यात भरपूर पाणी मिसळून मोठ्या झाडाच्या बुंध्याला घाला. भांडी घासायच्या पावडरीचं पाणी कुठल्याच झाडाला नाही.

राहिलं नवरात्र. घट बसले की आपल्याकडे बहुतेक घरांत देव हलवत नाहीत, नऊ दिवस आंघोळ नाही. म्हणून अमावास्येला धुतलेले देव पूर्ण वाळलेलेच बसवा. घटाच्या ओल्या मातीशेजारी विड्याच्या पानावर टाक नऊ दिवस राहतो, तेव्हा पानाखाली तांदळाचा जाडसर थर द्या आणि घटाचं पाणी ओघळून तिकडं येणार नाही एवढं अंतर ठेवा. दसऱ्याला देव उठले की आधी भरपूर साधं पाणी, नऊ दिवसांचं हळदीकुंकू भिजून आपोआप सुटेपर्यंत. नखानं खरवडायचं नाही. पंचामृत त्यानंतर.