सोसायटीतल्या तमाम बिनडिग्रीच्या डॉक्टरांसाठी

आईचा युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं ते सांगणारा, रिपोर्ट परवा आला. अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी आणि जवळपास प्रत्येकासमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. 'एस', म्हणजे औषध लागू पडतं, कुठे दिसला तर इंजेक्शनांसमोर, म्हणजे व्हा ॲडमिट. हे ग्रुपवर टाकलं तर एका काकांचा लगेच मेसेज, "सिप्रोच्या चार गोळ्या उरल्यात, पाठवू का?" अहो काका, सिप्रोसमोरही 'आर'च आहे! तर अशा दानशूर मंडळींसाठी काही टिप्स.

सर्दी झाली की अझिथ्रो ५०० घ्याच. सर्दी व्हायरसची असते, त्याला अँटिबायोटिकने काही होत नाही, पण आतड्यातले गरीब बिचारे बॅक्टेरिया मरतात आणि निगरगट्ट तेवढे उरतात, त्यांना रान मोकळं.

दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या स्वतःच बंद करा, उरलेल्या डब्यात जपून ठेवा.

'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणारी पाकिटावरची लाल रेघ शोभेची असते.

शेअरिंग मात्र बॅक्टेरियांकडून शिका. आपल्याला वाटतं एखादा जंतू औषधाला दाद देईनासा झाला तर फार तर त्याची पोरंबाळं तशी होतील, पण नाही, त्यांच्याकडे प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी गोल रिंग असते, ती शेजाऱ्याला चिकटून सरळ त्याच्या पेशीत सरकवतात, आणि विरजण दिल्यासारखं, देणाऱ्याचं काही कमी होत नाही कारण जाते ती कॉपी. बरं शेजारी आपल्या जातीचाच हवा असंही नाही, ई. कोलाय जातीच्या जंतूकडून क्लेबसिएला जातीच्या जंतूला चालतं, आणि एकाच रिंगेवर चार-पाच औषधांना पुरून उरणारे जीन्स असू शकतात, म्हणजे तुम्ही खाल्ली एक गोळी आणि फुकट गेली पाच औषधं! २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका पेशंटच्या क्लेबसिएलात एनडीएम-१ (यातलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही) हा जीन सापडला, तो पेशंट आधी दिल्लीत ॲडमिट होता. त्या जीनपुढे कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधंही लुळी पडतात. आपण काय केलं, तर नावात दिल्ली का घातली म्हणून भांडलो, आणि २०११ मध्ये तोच जीन दिल्लीच्या नळाच्या पाण्यात सापडल्याचं छापून आलं. मग कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं अँटिबायोटिक उरलं होतं, ते आपण कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून चारत होतो, २०१९ मध्ये बंदी येईपर्यंत. कोंबड्यांना!

कमी डोस घेऊन जंतूंना सरावू देऊ नका हे पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात सांगून गेला. पण त्याला आपल्या काकांइतकं कुठे कळतं.

जाऊ दे, टिप्स बास. तुमच्या डब्यातली गोळी तुमच्या पोटापुरती राहत नाही हो, तिने पोसलेले जंतू गटारातून, पाण्यातून, हातांवरून माझ्या आईपर्यंत येतात. चिठ्ठीशिवाय पाकीट काढून देणारे केमिस्ट, "स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणून डॉक्टरच्या मागे लागणारे तुम्ही आणि कटकट नको म्हणून लिहून देणारे डॉक्टर, सगळे सारखेच. सर्दी झाली तर वाफ घ्या, गुळण्या करा, झोपा. आणि कृपा करून मला गोळ्या पाठवू नका.