धोरण देशाचं करा, पण सातपुड्याला विचारून करा

आरोग्य संशोधनासाठी देशाचं एकच, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं धोरण असावं का, ही चर्चा मोठ्या शहरांतल्या सभागृहांत अधूनमधून होत असते. मला ते धोरण हवं आहे, अगदी कळकळीने हवं आहे. का हवं आहे हे सांगायला मला नंदुरबार जिल्ह्यातला शहादा, धडगाव, अक्कलकुवा एवढाच पट्टा पुरतो.

मी लॅब टेक्निशियन. रक्त तपासणं हे माझं रोजचं काम. आमच्याकडे सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, पहिली तपासणी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, हलवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. ही सोल्युबिलिटी टेस्ट. स्वस्त आहे, आश्रमशाळेच्या ओट्यावर बसूनही करता येते. पण रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढंच ती सांगते. मूल नुसतं वाहक आहे म्हणजे एएस, की आजारी आहे म्हणजे एसएस, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते. त्यासाठी नमुना पुढे पाठवावा लागतो. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळात या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही.

नमुना पुढे जातो, रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तोवर घराला कुलूप लागलेलं असतं. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, ते होळीच्या सुमाराला वर येतात. मधे पोराचे हातपाय सुजले, अंग दुखून ते रडरड रडलं, तर आईबाप त्याला तिथल्याच दवाखान्यात नेतात. तिथे पुन्हा टोचणं, पुन्हा तपासणीचं कार्ड. मामाचं गाव खेतिया-पानसेमलकडे असेल तर मध्य प्रदेशातलं तिसरं कार्ड. एका कार्डावर वाहक आणि दुसऱ्यावर रुग्ण लिहिलेली मुलं मी पाहिली आहेत. आईने दोन्ही कार्डं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असतात आणि ती मला विचारते, ताई, यातलं खरं कोणतं?

सातपुड्यात तीन राज्यांच्या सीमा एकमेकींना लागतात. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांची सोयरीक त्या सीमा पाळत नाही आणि आजारही पाळत नाही. नोंदवह्या मात्र पाळतात. म्हणून मी ‘राष्ट्रीय’ शब्दाच्या बाजूने आहे. एसएस असलेली किती मुलं पाच वर्षांची होतात, हा अगदी साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला तीन राज्यांनी मिळून एकच ओळख क्रमांक, एकच नोंद आणि एकच पाठपुरावा ठेवला पाहिजे. कुठल्याही एका जिल्ह्याचं हे काम नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू केलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य आहे. याचा मला आनंद आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या पाड्यांवरचा आजार देशाच्या पातळीवर गेला. भारतात या आजाराची पहिली नोंद निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली, ती १९५२ साली! त्यानंतर मिशन यायला एकाहत्तर वर्षं लागली. ही मधली वर्षं कुठे गेली, याचा विचार धोरण करणाऱ्यांनी आधी करावा असं मला वाटतं. माझं उत्तर असं आहे की ज्यांना हा आजार होतो त्यांच्यातलं कुणी प्रश्न ठरवणाऱ्यांच्या बैठकीत नव्हतं.

आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. आपल्या लोकांच्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, असं त्याचं कारण देतात, आणि ते खरंही आहे. पण विदर्भातल्या डॉक्टरांनी आपले रुग्ण नीट मोजले तेव्हा तिथे गंभीर आजार भरपूर निघाला. सातपुड्यात काय आहे? इथल्या मुलांना सिकलसेलबरोबर कुपोषण आहे, हिवताप आहे, काहींना जी-६-पीडीची, म्हणजे रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता आहे. ही कमतरता असेल तर हिवतापावरच्या प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात. हे सगळं एकाच अंगात आलं की काय होतं, हे सातपुड्यात बसूनच शोधावं लागेल.

औषधाचंही तसंच. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा मोठा डोस परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आला. तो दिला की रक्ताच्या तपासण्या वरचेवर कराव्या लागतात, आणि त्या डोंगरात जमत नाहीत. ओडिशात बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी कमी डोस, किलोमागे रोज दहा मिलीग्राम, देऊन पाहिला आणि तोही चांगला लागू पडतो असं दाखवलं. मला हे फार मोलाचं काम वाटतं, कारण गरीब रुग्णांच्या अडचणीतून निघालेला तो प्रश्न होता. आता पुढचा हिशेब करा. पंधरा किलोच्या पोराला रोज दीडशे मिलीग्राम लागतात आणि नेहमीची कॅप्सूल पाचशेची. कॅप्सूल उघडून पावडरचे भाग करा, असं आपण त्या माउलीला सांगणार का? धडगावच्या टोकाच्या उपकेंद्रावर मुलांच्या मापाचं औषध बारा महिने कसं राहील आणि ते सुरू असताना रक्ताची तपासणी कोण, किती दिवसांनी करेल, हासुद्धा संशोधनाचाच विषय आहे. जनुक-उपचारांवर जरूर पैसा घाला, पण याला दुय्यम समजू नका.

गावातला प्रश्न घेऊन देशाचं धोरण बदलता येतं, हे महाराष्ट्राने करून दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०११ मध्ये आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आज आमच्याकडची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला जाते ती त्याच कामामुळे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात बसून विंचूदंशावर रक्तदाबाचं प्राझोसिन वापरून पाहिलं. पूर्वी विंचू चावून गंभीर झालेल्यांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनावर आलं. ही माणसं जिथे पेशंट होते तिथे राहिली. पण अशा माणसांच्या जिद्दीवर देश किती दिवस चालवायचा? गडचिरोलीतलं काम छापून आल्यावर देशभर पोचायला बारा वर्षं गेली. धोरण असेल तर हा वेळ कमी झाला पाहिजे, नाहीतर धोरण कशाला म्हणायचं?

सापाचंही थोडं सांगते, कारण खान्देशातल्या शेतकऱ्याला ते लगेच कळेल. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्प लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते, आणि ते विष बहुतेक सगळं तामिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हे आपल्याच देशातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. मग केळीच्या बागेत चावलेल्या घोणशीवर ती लस किती चालते? मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. तर रावेर-यावलच्या सापांचं विषही प्रयोगशाळेत जाऊ द्या.

पैशाचं बोलू. १९९० साली एका आंतरराष्ट्रीय आयोगाने विकसनशील देशांना सांगितलं होतं की देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले किमान दोन टक्के संशोधनावर घाला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ९९,९०० कोटींपैकी आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी होते. केंद्रापुरतं पाहिलं तर टक्केवारी बरी दिसते. पण आरोग्यावरचा मोठा सरकारी खर्च राज्यं करतात आणि संशोधन हे आपलं काम आहे असं राज्यांना वाटतच नाही. दवाखाने राज्याचे, रुग्ण राज्याचे, आणि प्रश्न विचारायचे दिल्लीने, ही वाटणीच मुळात चुकली आहे. राज्यांचा पैसा आणि राज्यांचं मत, दोन्ही या धोरणात आलं पाहिजे.

धोरण एक झालं की दिल्लीची एकच यादी सगळ्यांच्या डोक्यावर बसेल आणि छोट्या जागेच्या प्रश्नांना आणखी कमी जागा उरेल, ही भीती माझ्या ओळखीच्या काही डॉक्टरांना वाटते. ती खोटी नाही. म्हणून यादी कुठून सुरू होते यावर मी एवढा भर देते आहे. आधी नंदुरबारची यादी, बडवानीची यादी, गडचिरोलीची, कोरापुटची. त्यांतले सामाईक प्रश्न देशाचे, आणि उरलेल्यांसाठी त्या त्या भागाला राखीव पैसा.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागे एका संस्थेची टीम आमच्या भागात आली होती. नमुने घेतले, अंगठे घेतले, फोटो काढले आणि गेली. पुढे गावात कुणालाच काही कळवलं नाही. शिरपूरकडची एक म्हातारी नातवाला घेऊन माझ्याकडे आली होती. मी सुई काढताच तिने विचारलं, “रगत लई जातस, मंग काय निंघनं ते कोन सांगस?” माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. मला त्या टीमचा राग आहे, अजूनही आहे. ज्याच्या बोटाला टोचलं त्याला निकाल त्याच्या भाषेत, पावरीत, भिलीत, अहिराणीत, सांगितल्याशिवाय प्रकल्पाचा शेवटचा हप्ता देऊ नये, असा नियम राष्ट्रीय धोरणात लिहा. याला फार पैसे लागत नाहीत.

आणि एक काम तर उद्या सुरू करता येईल. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. विषय बऱ्याचदा गाईडच्या सोयीने ठरतो, प्रबंध बांधला जातो आणि कपाटात जातो. दरवर्षी जूनच्या आधी तिन्ही जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, आशाताई, आम्ही लॅबवाले आणि सिकलसेल असलेल्या मुलांचे आईबाप एकत्र बसले, दहा-वीस प्रश्न काढले, आणि प्रबंधाचे विषय त्यांतून दिले तर? एक विद्यार्थी भुसावळच्या उन्हात मे महिन्यात कापूस लावणाऱ्या मजुरांच्या किडन्या तपासेल. दुसरा मोलगीच्या एसएस मुलांना ताप आल्यापासून दवाखान्यात पोचायला किती तास लागतात ते मोजेल. तिसरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्यांचं गोळ्या घेणं कुठे थांबतं ते शोधेल. पुढच्या बॅचने आधीच्या बॅचचं काम पुढे न्यायचं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, मनात आणलं तर एका परिपत्रकाचं काम आहे.

या तीन महाविद्यालयांत शिकवणारं किंवा शिकणारं कुणी हे वाचत असेल तर माझ्याशी बोला. प्रश्नांची पहिली यादी करायला मी सुट्टीच्या दिवशी कुठेही यायला तयार आहे. धडगावच्या दोन आशाताईंनी येते म्हणून सांगितलं आहे.