डिफर्ड रेव्हेन्यू म्हणजे लपवलेला नफा? मामा, थांब जरा

रविवारी रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अरे, तुमच्या लाइनीतले लोक एवढे चोर असतील असं वाटलं नव्हतं." माझी लाइन म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीत अकाउंट्स बघणं. आणि कारण म्हणजे एक फॉरवर्ड: 'सॉफ्टवेअर कंपन्या वर्षाचे पैसे आधीच घेतात, पण उत्पन्नात दाखवत नाहीत. डिफर्ड रेव्हेन्यू नावाच्या गुप्त खात्यात टाकून टॅक्स चुकवतात. सत्यमने हेच केलं. ज्या कंपनीचं हे खातं फुगतंय तिचे शेअर ताबडतोब विका.' खाली जोडलेले हात. मामा सोमवारी बाजार उघडताच विकणार होता. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय!

'गुप्त' शब्दाचं तर हसूच आलं. इन्फोसिसचा ताळेबंद उघडा, देण्यांच्या बाजूला 'अनअर्न्ड रेव्हेन्यू' (डिफर्ड रेव्हेन्यूचंच दुसरं नाव) छापलेलं सापडेल. छापून जगाला दाखवलेलं खातं गुप्त कसं?

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे एका दवाखान्याने 1 जानेवारीला वर्षाच्या सबस्क्रिप्शनचे 12,000 रुपये भरले, वर 18 टक्के जीएसटीचे 2,160. बँकेत 14,160 जमा. 31 मार्चला त्यातलं उत्पन्न किती? तीन महिन्यांचे 3,000. उरलेले 9,000 देणं, आणि यालाच डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात. कारण पुढचे नऊ महिने सर्व्हर चालू ठेवणं, अपडेट देणं, 'प्रिंट निघत नाही' म्हणून आलेले फोन घेणं आमच्या गळ्यात आहे. एप्रिलमध्ये आम्ही दुकान बंद केलं तर डॉक्टर ते 9,000 मागायला येणारच. मग ते आमची कमाई कसे? मामाने सगळी नोकरी एसटीत काढली. त्याला विचारलं, महिन्याचा पास 1 तारखेला विकला म्हणून महिनाभराच्या फेऱ्या त्याच दिवशी झाल्या का? जरा वेळ गप्प होता.

आणि ही कंपनीची मर्जी नाही. आपल्या लिस्टेड कंपन्यांना 1 एप्रिल 2018 पासून इंड एएस 115, म्हणजे उत्पन्न कधी आणि किती धरायचं हे सांगणारं लेखा मानक, लागू आहे. त्याचा परिच्छेद 106 वाचा: सेवा देण्याआधीच ग्राहकाने पैसे दिले, तर ती रक्कम देणं म्हणूनच दाखवायची. फॉरवर्ड ज्याला चोरी म्हणतो, ते न करणं हा नियमभंग आहे.

टॅक्सचं म्हणाल, तर सेवेसाठी आगाऊ पैसे आले की जीएसटी तेव्हाच द्यावा लागतो. ते 2,160 जानेवारीच्या रिटर्नमध्येच गेले, बारा तुकडे वगैरे काही नाही. आयकराचा काही भाग पुढच्या वर्षावर जातो, एवढं मान्य. पण पुढच्या वर्षी तो भरावाच लागतो.

सत्यमचा तर संबंधच नाही. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंनी कबूल केलं ते मुख्यतः 5,040 कोटींच्या रोख आणि बँक शिलकेबद्दल, जी मुळात अस्तित्वातच नव्हती. इथे दवाखान्याचे पैसे बँकेत खरोखर पडलेले आहेत.

महसुलाच्या नोंदीत लबाडी होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. होते, पण उलट्या दिशेने: पुढच्या वर्षांचं उत्पन्न आजच ओढून घेतात. सॉफ्टवेअर एकदाच विकून ग्राहकाच्या मशीनवर चढवलं, तर लायसन्सचे पैसे लगेच उत्पन्नात धरता येतात, सपोर्टचे नाही. दोन्ही एकाच करारात असले की कुठला रुपया कशाचा, इथे हात सैल सुटतो. अमेरिकेतल्या मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीने असंच घाईने धरलेलं उत्पन्न मार्च 2000 मध्ये मागे घेतलं आणि शेअर एका दिवसात 60 टक्क्यांहून जास्त कोसळला. आपल्याकडे ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजचे 2020-21 चे आकडे सप्टेंबर 2022 मध्ये आले, 4,588 कोटींचा तोटा घेऊन. कोर्सचे पैसे एकदम न धरता मुदतीवर विभागावे लागले, हे त्यामागचं एक कारण. म्हणजे डिफर केल्यावर खरं चित्र दिसलं.

मामाला म्हटलं, संशयच घ्यायचा असेल तर अनबिल्ड रेव्हेन्यूची ओळ बघ. तिथे काम झालं म्हणून उत्पन्न धरलंय, पण बिल अजून गेलेलं नाही. ती ओळ विक्रीपेक्षा जोरात वाढत असेल तर मला खुशाल रात्री फोन कर.

शेअर त्याने ठेवलेत. फॉरवर्ड मात्र तोवर 'माहेरची माणसं' ग्रुपवर गेलं होतं, आणि सकाळी माझ्या सासऱ्यांनी ते मलाच पाठवलं.