पाय १६४, ठोके १३६

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा फॉर्म भरला तेव्हा वाटलं होतं आता पळायला शिकवतील, पण कोचने पहिल्याच दिवशी सांगितलं, ४२ किलोमीटर पळायचंय ना, मग आधी हळू पळायला शिक. किती हळू? तर १८० वजा वय. माझं वय ४४, म्हणजे हृदयाचे ठोके मिनिटाला १३६ च्या वर जाता कामा नयेत. हा हिशोब फिल मॅफेटोन नावाच्या अमेरिकन कोचचा, आणि त्याने तो दादरमध्ये ऑक्टोबरात बसून केलेला नसणार. इथे पहाटे साडेपाचला बुटाची लेस बांधायला वाकलं तरी धाप लागते. दमट हवेत घाम सुकतच नाही, मग अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि हृदयाला फुकटचा ओव्हरटाइम.

बरं हळू म्हणजे रमतगमत नाही हं, पावलं भराभर पडली पाहिजेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जॅक डॅनियल्स नावाच्या कोचने (बाटलीवाला नव्हे) धावपटूंची पावलं मोजली, तर जवळपास सगळेच मिनिटाला १८० किंवा जास्त. माझी १५६. "एकदम नको, पाच टक्के वाढव," कोच म्हणाला. म्हणजे १६४, मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिकणारं ॲप) लावून.

आता डोळ्यासमोर आणा, एका किलोमीटरला नऊ मिनिटं आणि पाय मात्र मिनिटाला १६४, पाऊल जेमतेम सव्वादोन फूट. लांबून बघणाऱ्याला वाटतं ह्या माणसाला घाईची लागलीये पण जोरात पळायचा धीर होत नाहीये. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या आजोबांनी तिसऱ्या चकरेला विचारलंच, "काय रे, पोट बिघडलंय का?"

त्यात पळता पळता सलग बोलता आलं तरच ते इझी रनिंग. बोलायला कोणी नाही म्हणून मी तेराचा पाढा म्हणतो. तेर साते एक्क्याण्णव, टिक टिक, तेर आठे चारोत्तरशे, टिक टिक. समोरून येणारे लोक कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडतात.

तिसऱ्या आठवड्यात ठोके मोजणारं मनगटावरचं घड्याळ पिसाळलं. ठोके १६४! मी वेग कमी केला. १६४. अजून कमी केला, आता जवळपास जागच्या जागी नाचत होतो, तरी १६४, आणि पाढा मात्र एकोणतीसचासुद्धा खणखणीत येतोय. घरी जाऊन बायकोला म्हणालो, कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट घे. तिने आकडा बघितला, मोबाइल बघितला, आणि म्हणाली, "अहो, ते तुमचे पाय मोजतंय."

खरंच. घामाने पट्टा सैल झाला की मनगटावरच्या त्या हिरव्या लाइटला रक्ताची उसळी कुठली आणि पावलाचा हादरा कुठला ते कळत नाही, मग ते बिनधास्त पावलंच ठोके म्हणून दाखवतं. म्हणजे आठवडाभर मी स्वतःच्याच मेट्रोनोमला घाबरून ब्रेक मारत होतो!

मग छातीवर बांधून ठोके मोजणारा पट्टा आणला, तो पाण्याने ओला करून बांधायचा असतो, पहाटे तेवढंच गार गार. काल पहिल्यांदा सगळं जमलं, पाय १६४, ठोके १३३, स्वर्गच. तेवढ्यात साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या दोन आजी चालत, हो चालतच, पापलेटच्या भावावर तावातावाने बोलत माझ्या पुढे गेल्या. एकीने मागे वळून बघितलं.

"दमलास तर बस हो बाळा थोडा."