दाबाने टायटॅनियम वाढत नाही, त्याचे खनिज बदलते

पर्वतरचनेच्या वेळी खोल गेलेल्या खडकात उष्णता आणि दाब यांमुळे टायटॅनियम ‘तयार होते’, दाब जितका अधिक तितके धातुक (धातू काढण्याजोगे खनिज) समृद्ध, आणि म्हणून रूपांतरित, म्हणजे उष्णता-दाबाने बदललेल्या, खडकात रूटाइल या टायटॅनियमच्या खनिजाचे स्फटिक दिसले की तिथे खाणीजोगा साठा असतो, असा दावा समाजमाध्यमांवर बराच फिरतो आहे.

यातील ‘तयार होते’ हा शब्द सर्वांत आधी सोडावा लागेल. टायटॅनियम हे मूलद्रव्य आहे. खडकाच्या रूपांतरणात ते निर्माण होत नाही. भूकवचात ते वजनाने सुमारे 0.6 टक्के आधीपासूनच असते. ते द्रवांबरोबर बाहेरून येत असेल, ही शंका मात्र रास्त आहे. काही शिरांमध्ये रूटाइल सापडते, म्हणजे टायटॅनियम थोडेफार सरकते. पण पाण्यात ते इतके कमी विरघळते की रूपांतरित खडकातील त्याचे प्रमाण बहुधा मूळ खडकाइतकेच राहते.

दाबाने धातुक समृद्ध होते या दुसऱ्या विधानात अर्धे सत्य आहे, आणि गैरसमजाचे मूळही तिथेच आहे. बेसाल्टसारख्या खडकाचे सौम्य रूपांतरण झाले की टायटॅनियम बहुधा कॅल्शियम आणि सिलिका यांच्याबरोबर टायटॅनाइट या खनिजात अडकते. तापमान वाढले की इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचे खनिज येते, ज्यात टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे 53 टक्के असतो. आणि एक्लोगाइट हा अतिदाबाखाली घडणारा खडक बनण्याइतका दाब आला की इल्मेनाइटमधील लोह गार्नेट या खनिजात जाते व उरलेले टायटॅनियम जवळजवळ शुद्ध डायऑक्साइडच्या, म्हणजे रूटाइलच्या, रूपात वेगळे होते. येथे समृद्ध होते ते खनिज, खडक नव्हे. नॉर्वेतील एंगेब्यो येथे हे स्पष्ट दिसते: एकाच डोंगरात, एकाच रूपांतरणातून गेलेल्या एक्लोगाइटांपैकी लोह-टायटॅनियमयुक्त गॅब्रोपासून (खोलवर थिजलेल्या शिलारसाच्या खडकापासून) बनलेल्या भागात टायटॅनियम डायऑक्साइड 3 टक्क्यांहून अधिक आहे, तर फिकट, टायटॅनियम-दरिद्री भाग दरिद्रीच राहिला. दाब दोघांनाही सारखाच मिळाला होता.

शिवाय टायटॅनाइट, इल्मेनाइट, मग रूटाइल ही शिडी सर्व खडकांना लागू नाही. चिकणमातीपासून बनलेल्या स्लेटमध्ये रूटाइलच्या सूक्ष्म सुया अगदी सौम्य रूपांतरणातही आढळतात, मधल्या टप्प्यात बऱ्याचदा इल्मेनाइट त्यांची जागा घेते आणि तीव्र रूपांतरणात रूटाइल पुन्हा प्रकटते. तेव्हा नुसते रूटाइल पाहून दाबाचा अंदाज बांधणे धाडसाचे ठरेल.

रूटाइल दिसले की खाणीजोगा साठा, या तिसऱ्या विधानाला फार शब्द नकोत. अनेक रूपांतरित खडकांत रूटाइल असते, पण बहुतेक वेळा एक टक्क्याहूनही कमी. क्वेबेकमधील लाक टियोचा प्रचंड इल्मेनाइट साठा तर रूपांतरणातून नव्हे, मुळात शिलारसातून घडला आहे. आणि खोलवर तयार झालेले रूटाइल वर येईपर्यंत टिकेलच असे नाही: खडक वर येताना दाब उतरतो, पाणी शिरते आणि त्याच कणांच्या कडा पुन्हा इल्मेनाइट किंवा टायटॅनाइटमध्ये बदलू लागतात.